कलेचे शिलेदार आणि व्यापाराची नीती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त तिसगाव येथे झालेल्या युवक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



ज्या भूमीत आपण जमलो आहोत, ती भूमी सामान्य नाही. येथून जवळच असलेल्या चिचोंडीत १९०० साली आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजसाहेबांचा जन्म झाला आणि मिरीला १९१३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी दीक्षा घेतली. ज्ञानाला वयाची, भाषेची अगर गावाची मर्यादा नसते हे त्यांनी आयुष्यभर आचरून दाखविले. त्यांच्या पावन स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

विश्वस्तांनी मला विषय दिला, 'कलेच्या क्षेत्रात स्वतंत्र व्यवसाय'. आजच्या भाषेत ज्याला फ्रीलान्सिंग म्हणतात तो. कापडाच्या दुकानदाराला हा विषय का दिला, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. मी चित्रकार नाही, लेखक नाही, छायाचित्रकारही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो तो आजतागायत वार आणि मीटर मोजतो आहे. परंतु विचार केल्यावर ध्यानात आले की, कलावंताला कला शिकविणारे पुष्कळ आहेत. कलेचा हिशेब शिकविणारे मात्र फार थोडे. आणि कलावंतांकडून काम करून घेणारा गिऱ्हाईक या नात्याने माझ्याकडे एक अनुभव आहे, जो मी आज प्रथमच जाहीरपणे सांगणार आहे. तो अभिमानाचा नाही, एवढे आधीच नमूद करतो.

आपल्या पुष्कळ घरांत आज एक प्रसंग घडत आहे. मुलगा म्हणतो, मला दुकानात बसायचे नाही, मला ॲनिमेशन करायचे आहे. मुलगी म्हणते, मला नोकरी नको, मी घरी बसून पुस्तकांसाठी चित्रे काढीन. आणि वडील विचारतात, "पगार किती मिळणार?" माझ्या पुतणीने हा विषय काढला तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला होता. वास्तविक तो प्रश्न मी विचारायला नको होता. ज्याच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी पगार घेतला नाही, त्याने पुतणीला पगार विचारावा, ही विसंगती माझ्या त्यावेळी लक्षात आली नाही.

फ्रीलान्स हा शब्द इंग्रजीत रूढ होण्यास सर वॉल्टर स्कॉट यांची १८१९ सालची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी कारणीभूत ठरली. कोणत्याही एका सरदाराशी कायमचा बांधलेला नसलेला, स्वतःचा भाला घेऊन मोहिमेपुरता सामील होणारा लढवय्या, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे घोडेस्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई. शिलेदाराचा मान अधिक होता, पण घोडा मेला तर तोटाही त्याचाच होता. नोकरी करणारा कलावंत हा बारगीर आणि स्वतंत्र काम करणारा हा शिलेदार. दोघेही लढतात, कोणी उच्च, कोणी नीच असे नाही. मात्र शिलेदार व्हायचे असेल तर घोड्याच्या चंदीचा खर्च आधी मोजावा लागतो.

आपल्या धर्मपरंपरेला हा विचार परका नाही. भगवान ऋषभदेवांनी समाजाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे शिकविली, असे आदिपुराणात सांगितले आहे. यात वाणिज्य आणि शिल्प यांची नावे शेजारी-शेजारी आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या काळी छापखाना नव्हता त्या काळी आपले आगमग्रंथ लहियांनी, म्हणजे हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांनी, मोबदला घेऊन लिहिले. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या चितारणारे चित्रकार होते, त्यांचा खर्च उचलणारे श्रावक होते. वेरूळची इंद्रसभा कोरणारे हातही कोणा कारागिराचेच होते. आपल्या स्थानकवासी परंपरेतील पूज्य तिलोकऋषीजी महाराज, ज्यांचे नाव पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाशी जोडलेले आहे, त्यांनी 'ज्ञानकुंजर' हे चित्रकाव्य रचले. हत्तीच्या आकृतीत अक्षरे गुंफली. अर्थात त्यांची कला ही साधना होती, व्यवसाय नव्हता. पण सुंदर अक्षर हे आपल्याकडे कधीही रिकामपणाचे काम मानले गेले नाही, एवढाच माझा मुद्दा.

आता महाराष्ट्रातील काही थोर कलावंतांची उदाहरणे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

पहिले उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा मनुष्य चित्रकला शिकला, छायाचित्रण शिकला, छपाईच्या धंद्यात उतरला, तेथे भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर पडला. चाळिशीत त्यांनी चलच्चित्र बनविण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर भांडवलदारांना त्यांनी कसे पटविले? मोठमोठी आश्वासने देऊन नव्हे. कुंडीत वाटाण्याचे बी लावून, रोपाच्या वाढीची थोडी-थोडी चित्रे रोज घेऊन, त्यांनी एक लहानशी फीत तयार केली. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढू लागले, तेव्हा पैसे देणाऱ्याची खात्री पटली. आम्ही कापडवाले गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवितो, तसाच हा प्रकार. नवशिक्या कलावंताने हे पक्के ध्यानात ठेवावे की, कामाचा एक पूर्ण झालेला नमुना दहा प्रमाणपत्रांपेक्षा अधिक बोलतो. कोणी काम दिले नसेल तर स्वतःच स्वतःला काम द्यावे आणि ते तडीस न्यावे. फाळक्यांना वाटाण्याचे रोप कोणी मागितले नव्हते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. त्या माउलीने कामावरच्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुण्याची तांत्रिक कामेही शिकून घेतली. पुढे १९१८ साली भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैसा भागीदारांचा, कला फाळक्यांची. अधिकार कोणाचा, खर्चाची मर्यादा कोणती, यावरून खटके उडाले; फाळके सर्व सोडून काशीला गेले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले, नंतर परतलेही. पण १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या धंद्याचे ते जनक, त्या धंद्यातील वैभव त्यांच्या घरी नव्हते. दोष कोणाचा, हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. पण भागीदारीत शिरताना मतभेद झाल्यास काय करायचे, हे आधीच लिहून ठेवावे, एवढा धडा त्यातून अवश्य मिळतो. प्रेम असते तेव्हाच करार लिहावा. प्रेम आटल्यावर वकील लिहितात.

राजा रविवर्मा यांचेही असेच. राजेरजवाड्यांची चित्रे काढून ते स्वतंत्रपणे उत्तम अर्थार्जन करीत होते. पुढे १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या, हा समाजावर मोठा उपकार. पण यंत्रसामग्री, पगार, माल आणि वसुली हा निराळा धंदा होता. कर्ज वाढले आणि अखेर छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. चित्र काढण्याला कुंचला पुरतो. छापखान्याला खेळते भांडवल लागते. एकटा कलावंत जेव्हा चार माणसे ठेवून कंपनी काढतो, तेव्हा तो शिलेदाराचा सरदार होतो. सरदारी वाईट नाही, पण फौजेचा पगार दरमहा द्यावा लागतो, मोहीम असो वा नसो.

उलट बाजूचे उदाहरण दीनानाथ दलाल यांचे. गोव्याहून मुंबईला आलेल्या या चित्रकाराने स्वतःचा स्टुडिओ थाटला, मराठी प्रकाशकांची असंख्य मुखपृष्ठे सजविली आणि १९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला. इतरांच्या अंकांसाठी चित्रे देता-देता त्यांनी स्वतःच्या चित्रांना स्वतःचे व्यासपीठ मिळवून दिले. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर यांनीही मुखपृष्ठे, दिनदर्शिका आणि 'रत्नप्रभा' अंक यांतून हेच केले. आमच्या दुकानात मी लहान असताना गिऱ्हाइकाला दिवाळीला कॅलेंडर दिले जाई. त्यावर मुळगावकरांचे चित्र आणि कोपऱ्यात त्यांची सही असली की गिऱ्हाईक दोन मागून घेई. त्या सहीला बाजारात किंमत होती. सहीची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आणखी एक नाव घेतो, ग. दि. माडगूळकर. मॅट्रिकच्या परीक्षेत अपयश आलेला माणदेशचा हा मुलगा लेखणीवर जगला. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' झाले. आठवड्याला एक नवे गीत, सुधीर फडके यांचे संगीत, वर्षभर. बावन्न आठवड्यांची योजना, त्यात अधिक महिना आला आणि गीते छप्पन्न झाली. आपण प्रतिभेचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण व्यापारी म्हणून मी त्यातील वेळेच्या शिस्तीला नमस्कार करतो. ठरलेल्या दिवशी माल पोहोचला पाहिजे. लग्न उरकल्यावर आलेला शालू कितीही उंची असला तरी त्याचे काय करायचे?

आणि हे सर्व मुंबई-पुण्यातच होते असेही नाही. आपल्या नगरला शिल्पकार-चित्रकार प्रमोद कांबळे यांनी महावीर कलादालनात पेन्सिलने साकारलेली शेकडो व्यक्तिचित्रांची भिंत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जाऊन पाहावी. गावात राहूनही काम गावाबाहेर नेता येते.

मित्रहो, आता हिशेबाकडे येऊ. माझ्या पुतणीने घरूनच काम सुरू केले, तेव्हा तिने दिवसाचा दर बाराशे रुपये ठरविला. कसा ठरविला म्हणून विचारले. ती म्हणाली, "काका, महिन्याला तीस हजार मिळाले म्हणजे झाले. वर्षाचे तीन लाख साठ हजार, कामाचे दिवस तीनशे, म्हणजे बाराशे." गणित बरोबर होते, हिशेब चूक होता. मी तिला वही घेऊन बसविले. तीनशे दिवसांपैकी गिऱ्हाईक शोधणे, बोलणी, दुरुस्त्या, वसुली, नवे शिकणे, आजारपण, लग्नकार्य यांत निम्मे दिवस जातात. पैसे देणारे दिवस दीडशे धर. घरखर्चाचे तीन लाख साठ हजार. संगणक, त्याची घसारा-दुरुस्ती, वीज, इंटरनेट, प्रवास यांचे नव्वद हजार. अडीअडचणीची व म्हातारपणाची शिल्लक नव्वद हजार. एकूण पाच लाख चाळीस हजार. दीडशेने भागले तर दिवसाला तीन हजार सहाशे. म्हणजे ती आपला माल तिसऱ्या हिश्शाच्या किमतीला विकत होती, आणि काम मिळते म्हणून खूश होती. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत. पद्धत मात्र हीच ठेवावी.

दुसरी गोष्ट बयाण्याची. सुरुवातीला एका मोठ्या शहरातील एका व्यक्तीने तिच्याकडून चित्रे करून घेतली आणि पैशासाठी कित्येक महिने झुलविले. शेवटी काही दिले, काही बुडविले. ती रडली. मी तिला सांगितले, आपल्या दुकानात शिलाईचे किंवा खास मागवायचे काम बयाण्याशिवाय आपण घेतो का? नाही. त्यात गिऱ्हाइकाचा अपमान आहे का? नाही. तेव्हापासून ती निम्मी रक्कम आधी घेते, कच्चे चित्र मान्य झाल्यावर काही, आणि अंतिम चित्र देताना उरलेली. दोनदा दुरुस्ती मोफत, तिसऱ्यांदा आकार, हेही लिहून देते. आश्चर्य म्हणजे गिऱ्हाइके कमी झाली नाहीत. बुडविणारी तेवढी आपोआप गळाली.

कायद्याचेही थोडे ज्ञान हवे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ सालचा आहे. सेवा देणारा एकटा कलावंतही 'उद्यम' नोंदणी करू शकतो. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे हा कायदा सांगतो. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. फीमधून उगमकर कापला गेला असेल तर विवरणपत्र भरूनच तो परत मिळतो किंवा जमेस धरला जातो. म्हणून उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरावे. पुढे घरकर्ज घ्यायला बँकेत जाल तेव्हा पगारपत्रक नसलेल्या माणसाला तीच विवरणपत्रे साक्षीदार होतात.

आणि कॉपीराइट. १९५७ सालच्या कायद्यानुसार साधारणतः निर्मिती करणारा हाच पहिला मालक असतो. परंतु मोबदला देऊन काढवून घेतलेले चित्र किंवा छायाचित्र याबाबत, विरुद्ध करार नसेल, तर काढवून घेणारा पहिला मालक ठरतो. म्हणजे कागदावर काही लिहिले नसेल तर कलावंताचे नुकसान होऊ शकते. हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. तेव्हा काम कशासाठी, किती काळासाठी, कोठे वापरायचे, हे तीन शब्द बिलावर लिहीत चला.

हे सर्व मी आज शहाणपणाने सांगतो आहे. आता माझी गोष्ट ऐका.

१९९८ सालची लग्नसराई. आपल्या पंचक्रोशीत तेव्हा दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, बैलगाडीच्या साट्यांवरची नक्षी हे सर्व हाताने रंगविले जाई. एका पेंटरकडून मी लग्नाच्या बस्त्याच्या पिशवीसाठी चित्र काढून घेतले: तोरण, त्याखाली नवरा-नवरी आणि वाजंत्री. चित्र अतिशय देखणे झाले. बोलणी अशी झाली की, या लग्नसराईपुरते चित्र वापरायचे, पाचशे रुपये. मी पाचशे रोख मोजले. सराई संपली. चित्र गिऱ्हाइकांना आवडले होते, पिशव्यांचा ठसा छापखान्यात तयार होता. दुसऱ्या वर्षी मी तोच चालविला. तिसऱ्या वर्षीही. कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात आपले नाव लिहिले होते. ठसा नवा करताना तेथे दुकानाचा फोन नंबर बसत नव्हता, म्हणून मी ते नाव काढायला सांगितले. अशी अकरा वर्षे गेली. एका नातेवाइकालाही मी ते चित्र त्याच्या दुकानासाठी देऊन टाकले, जणू माझ्या घरचेच होते. पेंटर रस्त्यात भेटे, "राम राम शेठ" म्हणे, मीही "राम राम" म्हणे. त्याने कधी विचारले नाही, मी कधी काढले नाही.

२००९ च्या पर्युषणात स्थानकात प्रतिक्रमणाला बसलो होतो. तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आपण सर्वजण वर्षानुवर्षे म्हणतो. चोरीचा माल घेणे, चोराला साहाय्य करणे, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणे, खोटी मापे ठेवणे, अस्सल मालात तसाच दिसणारा नकली माल मिसळणे. माझा गज खरा होता, माझा मीटर खरा होता, सुती म्हणून मी कधी मिश्र कापड विकले नव्हते. म्हणून या व्रताच्या बाबतीत मी स्वतःला निर्दोष समजत होतो. त्या दिवशी माझ्याशेजारी बसलेल्या एका श्रावकाच्या हातात माझ्याच दुकानाची पिशवी होती. त्यात त्याने मुहपत्ती आणि आसन आणले होते. ते तोरण, ती नवरा-नवरी, आणि नावाच्या जागी माझा फोन नंबर. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान. दिलेली वस्तू एका सराईची होती. उरलेल्या दहा सराया मी न दिलेल्या घेतल्या होत्या, आणि त्यांतील काही दुसऱ्याला वाटल्याही होत्या.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तोवर फ्लेक्स आले होते. हाताने पाट्या रंगविण्याचे काम जवळजवळ संपले होते. त्याने कुंचला ठेवून दिला होता आणि तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होता. मी खमतखामणा केला, सर्व सांगितले, आणि दहा वर्षांचे पाच हजार व त्यावरील व्याज असा हिशेब पुढे ठेवला. त्याने हिशेबाकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "शेठ, पैशाचं मला काही वाटलं नाही. पण पिशवीवर माझं नाव राहिलं असतं ना, तर गावोगावच्या चार दुकानदारांनी मला शोधत येऊन काम दिलं असतं. तुमची पिशवी पार शेवगाव-गेवराईपर्यंत गेली. मी गेलो नाही."

पैसे त्याने आग्रहाने घेतले, हे त्याचे औदार्य. पण त्याच्या वाक्याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही. चित्राचे पाचशे रुपये मी परत करू शकलो. नाव नसल्यामुळे जी कामे त्याच्यापर्यंत आलीच नाहीत, त्यांची किंमत कोणत्या वहीत लिहायची? मघाशी मी म्हटले, मुळगावकरांच्या सहीला बाजारात किंमत होती. ती सही पुसली जाऊ दिली असती तर ते मुळगावकर झाले असते का? स्वतंत्र कलावंताजवळ दुकान नसते, गादी नसते, पाटी नसते. त्याचे नाव हीच त्याची पाटी. ती मी माझ्या फोन नंबरासाठी उतरवली.

मित्रहो, फ्लेक्सने त्याचा कुंचला नेला. आज तुमच्यासमोर यंत्राने क्षणात तयार होणारी चित्रे आणि मजकूर आहेत. पुष्कळ साधी कामे त्यामुळे जातील, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. हातमागावर यंत्रमाग आला तेव्हाही हेच झाले. तरी पैठणी टिकली. येवल्याचे माग आजही चालतात, कारण घेणाऱ्याला ती कोणी विणली याची किंमत आहे. म्हणून कौशल्य एकाच गोष्टीत अडकवून ठेवू नका, नवे साधन आले की शिका, आणि गिऱ्हाइकाची गरज त्याच्यापेक्षा जास्त ओळखा. यंत्र चित्र देईल; चुकले तर जबाबदारी घेऊन रात्रीतून दुरुस्त करून देणारा माणूसच लागेल.

आता अपरिग्रहाविषयी एक शब्द. कोणी म्हणेल, धर्म संग्रह सोडायला सांगतो आणि हे काका शिल्लक टाकायला सांगतात. माझ्या पुतणीला एकदा मद्याच्या दुकानाच्या जाहिरातीचे काम आले. पैसे चांगले होते. तिने नम्रपणे नाकारले. आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यात दारूचा व्यापार येतो. पण ती नाही म्हणू शकली, कारण त्या वेळी तिच्या खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च होता. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही त्याला नाही म्हणणे फार कठीण जाते. तेवढी शिल्लक हा माझ्या मते परिग्रह नव्हे. ते व्रत पाळण्याचे साधन आहे. त्यापुढे मात्र परिमाण ठरवावे. किती कामे घ्यायची, रात्री किती वाजता संगणक बंद करायचा, यालाही मर्यादा हवी. स्वतंत्र व्यवसायात मालकही आपण आणि नोकरही आपणच. असा मालक बहुधा निर्दय असतो.

पालकांना माझी विनंती. मुलाला वा मुलीला दोन वर्षांची मुदत द्या, घरात एक खोली द्या, आणि दर दिवाळीला वहीपूजन करताना त्याची वहीही आपल्या वह्यांशेजारी ठेवा. जमा-खर्च विचारा, पगार विचारू नका. दोन वर्षांत खाते बसले नाही तर नोकरी करण्यात कमीपणा नाही; बारगीरही फौजेतच असतो.

आणि शेवटची विनंती आपल्या ट्रस्टला. आपण सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहोत, स्मरणिका काढीत आहोत. तिचे मुखपृष्ठ कोणीतरी काढील, छायाचित्रे कोणीतरी घेईल, अक्षरजुळणी कोणीतरी करील. "समाजाचे काम आहे, थोडे सांभाळून घ्या," असे आपण त्यांना सहज म्हणतो. सेवा म्हणून कोणी स्वखुशीने देत असेल तर ती सेवा जरूर स्वीकारावी; पण मागून घेतलेली सेवा ही सेवा नव्हे. ट्रस्टने असा नियम करावा की, कलावंताला लेखी काम द्यावे, निम्मे पैसे आधी द्यावेत, उरलेले काम मिळताच द्यावेत, आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या कामाजवळ छापावे. मांडव घालणाऱ्याचे बिल आपण थकवत नाही. चित्र काढणाऱ्याचेही थकवू नये.

माझ्या दुकानाची पिशवी आता दरवर्षी नवे चित्र घेऊन निघते. खाली कोपऱ्यात काढणाऱ्याचे नाव आणि त्याचा फोन नंबर असतो. दुकानाचा नंबर मागच्या बाजूला गेला. गिऱ्हाईक तरीही दुकान शोधत येते.

माझ्या बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं. 

जय जिनेंद्र!